पंपघरातली नोकरी: आयटीआयवाल्यांनी नजरेआड करू नये अशी वाट

‘गुरुवारी पाणीपुरवठा बंद, शुक्रवारी कमी दाबाने’ ही बातमी पिंपरी-चिंचवडकरांना पाठ झाली आहे. ती वाचून आपण टाकी भरून ठेवतो. त्या गुरुवारी काम कुठे चालते, हे मात्र दहावी झालेल्या मुलांना कुणी सांगत नाही. पवना धरणातून सोडलेले पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते. तिथून ते पंपांनी उचलून निगडीला सेक्टर 23 मधल्या जलशुद्धीकरण केंद्रात चढवतात. मुख्य लाइन भरलेली असताना काही दुरुस्त्या करताच येत नाहीत. मग ‘शटडाउन’ घेऊन मिळालेल्या मोजक्या तासांत व्हॉल्व्ह बदलणे, गळका जोड काढून नवा बसवणे ही कामे उरकावी लागतात. ती करतात फिटर आणि इलेक्ट्रिशियन.

‘चाकणला एवढ्या कंपन्या असताना पंपावर कशाला?’ असे पालक विचारतात. कारखान्यातल्या असेंब्ली लाइनवरच्या कामाला मी कमी लेखत नाही. पण काही महिन्यांच्या करारावर एकच स्टेशन सांभाळणाऱ्या मुलाच्या हातात करार संपल्यावर काय उरते, हे विचारायलाच हवे. 2019 मध्ये वाहन उद्योगात मंदी आली तेव्हा या पट्ट्यातल्या कारखान्यांनी कामाचे दिवस कमी केले. 2020 च्या टाळेबंदीत गेटच बंद झाली. पाण्याचे पंप मात्र त्या दिवसांतही चालूच होते.

हे काम नुसते पान्याचे नाही. ग्लँड पॅकिंगचेच बघा. पंपाच्या ग्लँडमधून, म्हणजे फिरता दांडा बाहेर येतो त्या जागेतून, पाणी थेंब थेंब ठिबकत राहायलाच हवे, कारण त्याच पाण्याने पॅकिंग थंड राहते. नवखा मुलगा गळती समजून नट आवळत जातो. ठिबक थांबते, पॅकिंग जळते आणि आतल्या स्लीव्हला खाचा पडतात. जाणता फिटर दोन्ही नट थोडे थोडे आणि सारखे आवळतो, थांबतो, ग्लँड तापतोय का ते पाहतो. पंपात खडे फिरल्यासारखा आवाज आला की त्याचे लक्ष आधी सक्शनकडे जाते: जाळी तुंबली का, पाण्याची पातळी खाली गेली का? कपलिंगला डायल गेज लावून पंप आणि मोटर एका रेषेत आणणे हे तर खरे कसब. ते नीट झाले नाही, तर नवे बेअरिंगही टिकत नाही.

दहावीनंतर आयटीआयला ‘पंप ऑपरेटर कम मेकॅनिक’ हा एक वर्षाचा ट्रेड आहे. तरी माझा सल्ला दोन वर्षांच्या फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा. दोन वर्षांच्या ट्रेडनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि पुढे ज्युनिअर इंजिनिअरची वाट तिथूनच निघते. महापालिकेची स्वतःची आयटीआय मोरवाडीत आहे. त्यानंतर अ‍ॅप्रेंटिसशिप जमेल तर पाणीपुरवठ्यातच करावी. एमआयडीसी स्वतःच्या पाणी योजना चालवते, तिच्या भरतीत जोडारी, पंपचालक, वीजतंत्री ही पदे असतात. जोडारी म्हणजे फिटरच. जाहिरातीतला हा शब्द न कळल्याने अर्ज राहून जाऊ नये.

आता काळजीचे बोलतो. कायम पदांची भरती वर्षानुवर्षे निघत नाही, आणि पंपघरांची बरीच कामे ठेकेदाराकडे असतात. तिथे रुजू होताना नेमणूकपत्र, पीएफ आणि ईएसआय यांची चौकशी पालकांनी न लाजता करावी. कायम भरती निघेपर्यंत हेच कसब कंपन्यांच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राला (ईटीपी) आणि कूलिंग टॉवरलाही लागते, तेव्हा मुलगा घरी बसत नाही. रात्रपाळी चुकत नाही. धोकेही आहेत. पाणी शुद्ध करायला वापरतात तो क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, गळती झाली की तो जमिनीलगत साचतो. बंद चेंबरमध्ये गॅस तपासल्याशिवाय आणि वर माणूस उभा असल्याशिवाय उतरायचे नाही, मग साहेब कितीही घाई करोत. मुलाला हे आत्ताच बजावून सांगा.

आणि मुलगी असेल तर? महापालिकेची मुलींची आयटीआय कासारवाडीत आहे. ग्लँडचे नट बेताने आवळायला ताकदीपेक्षा धीर जास्त लागतो, आणि जड मोटर उचलायला चेन ब्लॉक असतो. रात्रपाळीला सोबत कोण, जायची-यायची सोय काय, हे प्रश्न आईबाबांनी जरूर विचारावेत. उत्तरे समाधानकारक मिळाली, तर तिलाही या कामाला जाऊ द्यावे.