समई लहान निघाली, चूक कोणाची?

प्रश्न : मी आणि माझे पती पितळेच्या पूजासाहित्याची वेबसाइट चालवतो. श्रावणात नागपूरच्या एका बाईंनी समई मागवली. पार्सल उघडल्यावर त्यांचा फोन आला, 'ही तर तळहातावर मावते, मला देवापुढे जमिनीवर ठेवायची समई हवी होती.' आमच्या वेबसाइटवर उंची ४ इंच असं लिहिलेलं आहे. समईत काही दोष नाही. तरी पैसे परत करा, नाहीतर ग्राहक मंचात जाते, असं त्या म्हणतात. त्यांनी वाचलं नाही, त्याचा भुर्दंड आम्ही का सोसायचा? शिवाय आमच्यासारख्याच नावाचं दुसरं एक दुकान आहे. त्यांची पार्सलं मिळाली नाहीत की लोक आमच्याशी भांडतात. त्यांचं काय करावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पत्रासोबत तुम्ही त्या पानाची छापील प्रत जोडलीत हे फार बरं केलंत. फोटोत समई पडदाभर उभी आहे. शेजारी निरांजन नाही, हात नाही, आकाराचा अंदाज यावा असं काहीच नाही. वर ठळक अक्षरांत 'भव्य पितळी समई', खाली किंमत आणि लगेच खरेदीचं बटण. ४ इंच हे शब्द पार तळाशी, चिंचेने घासण्याच्या सूचनेनंतर. बाईंनी ते वाचलं नाही हे खरं. पण 'भव्य' त्यांनी वाचलं, आणि तो शब्द तुमचा आहे.

भारतीय करार कायदा, १८७२ याचं कलम २२ तुम्हाला आपल्या बाजूचं वाटेल. केवळ एका पक्षाचा गैरसमज झाला म्हणून करार रद्द करता येत नाही, असं ते म्हणतं. माप किमतीशेजारी स्वच्छ लिहिलेलं असतं आणि तरी त्यांनी मनात फूटभर उंची धरली असती, तर ते तुमच्या कामी आलं असतं. इथे गैरसमज तुमच्या वर्णनातून झाला आहे. मालविक्री कायदा, १९३० याच्या कलम १५ नुसार वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. ई-कॉमर्ससाठीचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम आणखी स्पष्ट आहेत. माल सदोष किंवा बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोचला असेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा त्याचे पैसे परत करायला नकार देता येत नाही. उशिराच्या बाबतीत पूर किंवा तत्सम अपरिहार्य कारण असेल तर सूट आहे. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही बिलावरची ओळ अशा वेळी तुम्हाला वाचवत नाही.

म्हणून माझा सल्ला : समई परत मागवा, दोन्ही बाजूंचा कुरिअर खर्च सोसा आणि पूर्ण पैसे द्या. मग फोटोत समईशेजारी पट्टी ठेवा, माप किमतीच्या ओळीत आणा आणि 'भव्य' काढून टाका. यानंतर कोणी 'मन बदललं' म्हणून निर्दोष वस्तू परत करू पाहिलं, तर ती घ्यायचीच अशी सक्ती कायदा करत नाही. तुम्ही घेणार असाल तर किती दिवसांत आणि कुरिअर कोणाच्या खर्चाने, हे खरेदीच्या आधीच दिसायला हवं. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्कही वेबसाइटवर हवा. घरचा धंदा असला तरी यातून सुटका नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचं असतं.

दुसऱ्या दुकानाच्या ग्राहकांशी तुमचा करारच झालेला नाही, त्यामुळे पार्सलची जबाबदारीही नाही. पण त्यांच्यावर आवाज चढवू नका. पैसे अडकलेला माणूस घाबरलेला असतो आणि इंटरनेटवर पहिला सापडलेला नंबर फिरवतो. ऑर्डर क्रमांक आणि पैसे कोणाच्या नावे गेले ते विचारा. ही ऑर्डर आमची नाही, असा दोन ओळींचा मेसेज पाठवा आणि जपून ठेवा. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांकही द्या.

ग्राहक आयोगाची, म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचाची, नोटीस आली तर मात्र 'आमचा संबंध नाही' म्हणून ती बाजूला टाकू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे नोटीस नागपूरहूनही येईल. उत्तराला ३० दिवस मिळतात, आयोगाने वाढवून दिले तर आणखी १५. ४५ दिवसांपुढे मुदत वाढवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये जुन्या कायद्यातल्या अशाच तरतुदीबाबत ठरवलं आहे. खरी बाजू असूनही तारीख हुकली म्हणून विक्रेत्याचं म्हणणं ऐकलंच जात नाही, याची मला फार हळहळ वाटते. नागपूरला खेपा परवडत नसतील तर व्हिडिओद्वारे सुनावणीसाठी अर्ज करा. कायद्यात तशी सोय आहे.

प्रश्न : आम्ही आंबापोळी आणि कोकम विकतो. एका आजोबांनी एकाच ऑर्डरचे पैसे यूपीआयने दोनदा पाठवले. आता त्यांचा मुलगा म्हणवणारा एक जण जादा रक्कम त्याच्या नंबरवर मागतो आहे. द्यावी का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : रक्कम परत करायचीच आहे. चुकून मिळालेले पैसे परत करणं करार कायद्याच्या कलम ७२ नुसार बंधनकारक आहे. पण ती मुलाच्या नंबरवर पाठवू नका. ज्या खात्यातून आली त्याच खात्यात गेली पाहिजे, नाहीतर उद्या आजोबा 'मला मिळालीच नाही' म्हणाले तर तुमच्याकडे उत्तर नसेल. त्याआधी दोन्ही रकमा खरोखर जमा झाल्या का, ते बँकेच्या विवरणात पाहा. आलेल्या मेसेजवर किंवा कोणी पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. पैसे जमा झाल्याचा खोटा मेसेज पाठवून 'चुकून आले, परत करा' म्हणणारे भामटे नेमकी हीच भाषा बोलतात. आजोबांना त्यांनी ऑर्डर देताना दिलेल्या नंबरवर स्वतः फोन करा, पैसे पाठवा आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक त्यांना कळवा.