लपवलेली तार, न लपणारी लहर

ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत एका गुप्त रेडिओ केंद्राचा आवाज ऐकू येऊ लागला. ‘भारत छोडो’ चळवळीचे पुढारी तुरुंगात होते आणि वर्तमानपत्रांवर कडक निर्बंध होते. अशा वेळी उषा मेहता या २२ वर्षांच्या विद्यार्थिनीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी हे ‘काँग्रेस रेडिओ’ केंद्र चालवले. डॉ. राममनोहर लोहिया यांचे त्यांना साहाय्य होते. हे केंद्र ४२.३४ मीटरवर, भारतात कुठून तरी बोलत आहे, असे दररोज सांगितले जाई. नेमके कुठून, हे अर्थातच गुप्त असे. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून केंद्राची जागा पुनःपुन्हा बदलावी लागे.

या हकीकतीतील ४२.३४ मीटर हा आकडा आपल्या कामाचा आहे. ही त्या रेडिओ लहरीची तरंगलांबी. रेडिओ लहरी प्रकाशाच्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे २९ कोटी ९८ लाख मीटर जातात. या वेगाला ४२.३४ ने भागले की सेकंदाला सुमारे ७० लाख ८० हजार आवर्तने, म्हणजेच ७.०८ मेगॅहर्ट्झ ही वारंवारता मिळते. गंमत अशी, की आज ७ ते ७.२ मेगॅहर्ट्झ हा पट्टा भारतात हौशी रेडिओचालकांसाठी राखलेला आहे. जगभर ‘हॅम’ म्हणून ओळखले जाणारे हे लोक परवाना घेऊन आपापल्या घरून बिनतारी संभाषण करतात.

आता प्रश्न असा, की एवढी लांब लहर सोडायला तार किती लांब हवी? आणि ती लहान केली तर काय बिघडते? आज पोलिसांपासून तार लपवायचे कारण उरलेले नाही. पण चाळीतल्या खोलीला स्वतःची गच्ची नसते, शेजाऱ्यांना डोक्यावर तारांचे जाळे नको असते आणि पूर किंवा भूकंपाच्या ठिकाणी तार पिशवीतून न्यावी लागते. म्हणून लहान, चटकन डोळ्यांत न भरणारी अँटेना हा हौशी मंडळींचा आवडता प्रयोगविषय आहे.

तार आणि झोपाळा

झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत हलकासा धक्का दिला तरी तो मोठा झोका घेतो. तारेतील विद्युत् प्रवाहाचेही तसेच आहे. तारेची लांबी तरंगलांबीच्या निम्मी असली की प्रवाह तिच्यात सहज हेलकावे घेतो. ४२.३४ मीटरची निम्मी लांबी २१.१७ मीटर होते. टोकांच्या परिणामामुळे प्रत्यक्षात ती सुमारे ५ टक्के कमी, म्हणजे २० मीटर घेतात आणि मधोमध तोडून तेथे प्रक्षेपकाची जोडणी करतात. हिला अर्धतरंगी द्विध्रुव अँटेना म्हणतात.

प्रक्षेपकाला अशी अँटेना सुमारे ७३ ओहम रोधासारखी वाटते. मात्र या रोधात शक्ती उष्णता होऊन वाया जात नाही, ती लहर होऊन बाहेर पडते. म्हणून त्याला प्रारणरोध म्हणतात. तारेचा स्वतःचा रोध त्यामानाने अगदी थोडा असतो. त्यामुळे दिलेली जवळजवळ सगळी शक्ती आकाशात जाते.

लहान करण्याची किंमत

आता २० मीटर तारेऐवजी अडीच मीटरची एक उभी काठी घेऊ आणि परतीच्या प्रवाहासाठी जमिनीचा उपयोग करू. अशा आखूड काठीचा प्रारणरोध काढण्याचे सूत्र सोपे आहे: उंचीला तरंगलांबीने भागा, भागाकाराचा वर्ग करा आणि त्याला ३९५ ने गुणा. आपल्या काठीचे उत्तर येते जेमतेम १.४ ओहम.

काठी आखूड असल्याने ती झोपाळ्यासारखी आपोआप डोलत नाही. तिला लयीत आणण्यासाठी तारेचे एक वेटोळे जोडावे लागते. या वेटोळ्याचा आणि जमिनीचा मिळून रोध १२ ओहम आहे असे धरू. एकच प्रवाह दोन्ही रोधांतून जातो, म्हणून शक्तीची वाटणी रोधांच्या प्रमाणात होते. एकूण १३.४ ओहमपैकी १.४ ओहम उपयोगी पडले. कार्यक्षमता झाली सुमारे १० टक्के. उरलेल्या ९० टक्क्यांनी वेटोळे आणि माती तापली!

यावरून एक गोष्ट ध्यानात ठेवा. अँटेना लहान केली म्हणून लहर निघायची थांबत नाही. प्रारणरोध घटतो आणि मग प्रत्येक ओहम, किंबहुना ओहमचा हजारावा भागही, मोलाचा ठरतो.

तांब्याचे कडे

ज्यांना जमिनीची जोडणी शक्य नाही, ते तांब्याच्या नळीचे कडे करतात. समजा कड्याचा व्यास १ मीटर आणि नळीची जाडी १५ मिलिमीटर आहे. कड्याची दोन टोके एकमेकांना न चिकटवता त्यांच्यामध्ये बदलत्या क्षमतेचा कंडेन्सर बसवतात. ७.०८ मेगॅहर्ट्झला सुमारे १९० पिकोफॅरड क्षमतेवर कडे लयीत येते.

त्याचा प्रारणरोध किती? फक्त ०.००६ ओहम! उच्च वारंवारतेचा प्रवाह धातूच्या पृष्ठभागालगतच वाहतो, त्यामुळे नळीचा रोध भरतो ०.०४६ ओहम. म्हणजे कार्यक्षमता सुमारे ११ टक्के. आता नळीऐवजी १ मिलिमीटर जाडीची तार वापरून पाहा. तिचा पृष्ठभाग पंधरा पटींनी कमी, म्हणून रोध पंधरा पट, सुमारे ०.७ ओहम. कार्यक्षमता एक टक्क्याच्याही खाली घसरते. आकार तोच, पण धातूच्या जाडीने एवढा फरक पडतो. हौशी मंडळी कड्याला जाड नळी का वापरतात आणि सांधे काळजीपूर्वक का डाखतात, ते आता तुमच्या लक्षात आले असेल.

तेच नळीचे कडे १४ मेगॅहर्ट्झच्या पट्ट्यावर वापरले तर? लहान कड्याचा प्रारणरोध वारंवारतेच्या चौथ्या घाताने वाढतो. वारंवारता दुप्पट झाली की प्रारणरोध १६ पट होतो. नळीचा रोध मात्र दीडपटसुद्धा होत नाही. कार्यक्षमता एकदम ६० टक्क्यांच्या आसपास जाते.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. ७ मेगॅहर्ट्झला या कड्यात केवळ ५ वॅट शक्ती सोडली, तरी कंडेन्सरच्या टोकांना १,००० व्होल्टहून अधिक दाब निर्माण होऊ शकतो. प्रक्षेपण चालू असता अशा कड्याला हात लावू नये.

दहावा हिस्सा पुरतो का?

अल्पशक्तीचे हौशी चालक सहसा ५ वॅट ही मर्यादा पाळतात. त्यातला दहावा हिस्सा म्हणजे अर्धा वॅट. एवढ्याने काय होणार, असे तुम्हांला वाटेल. पण संदेशाची तीव्रता मोजण्याच्या हौशी मोजपट्टीवर एक पायरी चढायला शक्ती चौपट करावी लागते. शक्ती दहावा हिस्सा झाली तर दोन पायऱ्याही पुऱ्या उतरत नाहीत. जोरदार ऐकू येणारा संदेश त्यामुळे थोडा मंद होतो, नाहीसा होत नाही.

शिवाय संदेश कसा पाठवायचा हेही आपल्या हाती असते. बोलण्याला सुमारे अडीच ते तीन हजार हर्ट्झ रुंदीची वाट लागते, तर मोर्सच्या ‘कट्ट-कड’ला काही शे हर्ट्झ पुरतात. वाट अरुंद केली की तिच्यातून येणारी खरखरही कमी होते. १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे खगोलशास्त्रज्ञ जो टेलर हे स्वतः हॅम आहेत. त्यांनी २००८ मध्ये आणलेल्या ‘विस्पर’ पद्धतीत एक छोटा संदेश सुमारे दोन मिनिटे सावकाश पाठवतात. तो कानाला खरखरीत मुळीच ऐकू येत नाही, पण संगणक तो वेचून काढतो. अँटेनेत गमावलेले असे वेळ देऊन भरून काढता येते.

झरीहून मुंबई

आता आपण मुंबईहून उत्तरेला, पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यातील झरी या गावी जाऊ. तेथील शाळेच्या आवारातून मुंबईला संदेश पाठवायचा आहे असे समजा. सरळ रेषेत अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. पृथ्वीच्या गोलाईमुळे १० मीटर उंचीच्या खांबावरूनही क्षितिज केवळ ११ किलोमीटरवर असते. मग लहर जाणार कशी?

ती वर जाऊन खाली येते. सुमारे २५० ते ३०० किलोमीटर उंचीवर आयनांबराचा एक थर आहे. आपल्या अक्षांशावर दिवसा तो बहुधा ७ मेगॅहर्ट्झची जवळजवळ उभी गेलेली लहरही परतवतो. भिंतीवर पाण्याची धार मारली की शिंतोडे आजूबाजूला पडतात, तशी ती लहर दोन-तीनशे किलोमीटरच्या टापूत खाली उतरते. डोंगर आड आला तरी तिचे काही अडत नाही.

अशी सरळ वर जाणारी लहर सोडायला आडवी तार फार उंच लागत नाही. चार-पाच मीटर उंचीवर, शाळेच्या वळचणीपासून आंब्याच्या फांदीपर्यंत बांधलेली २० मीटर बारीक तार हे काम चांगले करते. दहा पावलांवरून ती दिसतही नाही. या कामापुरते तारेचे लपणे आणि तिचे काम यांत भांडण नाही.

स्वतः करून पाहा

प्रक्षेपणाला सरकारी परवाना लागतो आणि तो परीक्षा देऊन मिळतो. १२ वर्षे पूर्ण झालेल्यांना या परीक्षेला बसता येते. लहर ग्रहण करण्याचा पुढील प्रयोग मात्र तुम्ही आजच करू शकता.

लाकडी पट्ट्यांची ६० सेंटिमीटर बाजूची चौरस चौकट करा. तिच्यावर प्लॅस्टिकच्या आवरणाच्या तांब्याच्या तारेचे ११ वेढे, एकमेकांपासून अर्धा सेंटिमीटर अंतरावर, गुंडाळा. सुमारे २७ मीटर तार लागेल. जुन्या, बंद पडलेल्या रेडिओतला ५०० पिकोफॅरडचा गँग कंडेन्सर शिक्षकांच्या मदतीने काढून तारेच्या दोन टोकांना जोडा. झाली तुमची मध्यम लहरींची चौकट अँटेना.

मध्यम लहरींवर मंद ऐकू येणारे एखादे केंद्र ट्रान्झिस्टरवर लावा. ट्रान्झिस्टर चौकटीच्या आत अशा रीतीने ठेवा, की त्याची लांब बाजू चौकटीला काटकोनात राहील. दोघांमध्ये तारेची जोडणी नको. कंडेन्सर हळूहळू फिरवा. एका ठिकाणी आवाज एकदम उसळेल आणि किंचित पुढे-मागे करताच पुन्हा बसेल. लहान अँटेनेची लय किती अरुंद असते, ते तुम्हांला कानांनी कळेल.

आता चौकट आणि ट्रान्झिस्टर दोन्ही एका स्टुलावर ठेवून ते सावकाश फिरवा. चौकटीची कड केंद्राच्या दिशेला आली की आवाज सर्वांत मोठा, आणि चौकट खिडकीसारखी केंद्रासमोर आली की सर्वांत लहान. हा प्रयोग दिवसा करा. रात्री आयनांबरातून परतलेल्या लहरी मिसळतात आणि दिशा नीट ठरत नाही. आवाज जेथे सर्वांत लहान होतो तेथे होकायंत्राने केंद्राची दिशा नोंदवा. दूरच्या गावातील मित्रालाही तसेच करायला सांगा. दोघांच्या रेषा नकाशावर जेथे एकमेकींना छेदतील, तेथे प्रक्षेपक!

आणखी दोन गोष्टी पाळा. विजेच्या तारांच्या जवळपास कोणतीही तार टाकू नका, आणि ढग गडगडू लागताच बाहेरची तार सोडून ठेवा.

लहर लपत नाही

काँग्रेस रेडिओच्या मागावर असलेल्या शोधगाड्यांचे तत्त्व हेच होते. तार भिंतीआड दडवता येते, पण तिने सोडलेली लहर आपली दिशा सांगतच जाते. केंद्राच्या जागा बदलण्याचे कारण आता तुम्हांला पटेल. अखेर केंद्राशी संबंधित एका तंत्रज्ञाकडून ठिकाण कळले आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावातील पारेखवाडीत छापा पडला. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण देण्यात आले.

झरीच्या परिसरालाही निरोपाचे मोल ठाऊक आहे. २३ मे १९४५ रोजी झरीला वारल्यांची मोठी परिषद भरली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. त्याच वर्षी ऑक्टोबरात एका खोट्या निरोपावरून हजारो वारली तलवाड्याला जमले आणि त्यांच्यावर पोलिसांनी गोळीबार केला. निरोप खरा की खोटा, हे पडताळून पाहण्याची दुसरी वाट त्यांच्याजवळ नव्हती.

अशी दुसरी वाट आजही लागते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानचे दळणवळण तुटले, तेव्हा भारती प्रसाद यांच्याबरोबर पोर्ट ब्लेअरला आलेल्या हॅम मंडळींनी मुख्य भूमीशी संपर्क ठेवला. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका अनुभवास आली. मोबाइलचे मनोरे बंद पडले तर ५ वॅटचा संच, एक बॅटरी आणि २० मीटर तार एवढ्यावर मुंबई गाठता येते. पण ती तार कशी बांधायची, हे त्या दिवशी शिकता येत नाही. ते आधीच करून पाहिलेले असावे लागते.

सोडवून पाहा

१. १४.१६ मेगॅहर्ट्झसाठी अर्धतरंगी तार साधारण किती लांब घ्याल?

२. अडीच मीटरच्या काठीऐवजी ५ मीटरची काठी घेतली आणि वेटोळ्याचा व जमिनीचा रोध १२ ओहमच राहिला, तर कार्यक्षमता किती होईल?

३. तुमच्या शाळेच्या आवारात २० मीटर तार कोठून कोठे बांधता येईल? नकाशा काढा आणि विजेच्या तारांपासून ती किती दूर आहे, ते मोजून लिहा.