पैसे नाहीत, मूळ कागदही नाहीत

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातले. दिल्लीत करोल बागेत मामांच्या गलाईच्या, म्हणजे सोनं गाळण्याच्या दुकानात ४ वर्षं आहे, हिशेब मीच बघतो. बी.कॉम. झालोय. एका एजन्सीने मुलाखतीआधी अडीच हजार रुपये आणि मूळ मार्कशीट मागितली आहे. द्यावंच लागतं म्हणतात. आणि दुकानातलं काम अर्जात लिहावं का?
– एक वाचक, करोल बाग

उत्तर : नाही, द्यावं लागत नाही. माणूस खरोखर हवा असलेला मालक उमेदवाराकडून आधी पैसे घेत नाही. मूळ कागद दाखवायचे आणि तिथेच परत घ्यायचे. द्यायची ती झेरॉक्स, तिच्यावर कुणाला, कशासाठी दिली ते आणि तारीख लिहून. केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टलवर नोंदणी मोफत होते, तिथे आजच नाव घाला. ऑनलाइन पैसे आधीच पाठवले असतील, तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

दुकानातलं काम जरूर लिहा! सोन्याची आवक-जावक, वजन, घट आणि रोजचा ताळा सांभाळणाऱ्या मुलाला अनुभव नाही असं कोण म्हणेल? फक्त ‘मामांना मदत’ असं लिहू नका. नेमकं काय करता ते लिहा. सराफी पेढ्या, सोनेतारण कर्ज देणाऱ्या कंपन्या इथेही अर्ज करा.

आणि मामांना आधी सांगा. चौकशीचा फोन त्यांनाच येईल. परक्याकडून कळलं तर त्यांना लागेल.