स्कॉटिश कुलशोध : साधने आणि त्यांचे मौन

मराठ्यांचा इतिहास लिहिणारे ग्रँट डफ किंवा मुंबईचे मिशनरी जॉन विल्सन यांच्या चरित्राचा अभ्यासक अखेर स्कॉटलंडमधील कुलनोंदींपाशी येतो. तेथे एक पथ्य पाळणे अगत्याचे आहे : नोंदीच्या अभावावरून घटनेचा अभाव सिद्ध होत नाही.

जन्म, विवाह व मृत्यू यांची सक्तीची नागरी नोंदणी तेथे १८५५ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वीचा मुख्य आधार म्हणजे प्रस्थापित चर्चची पॅरिश-दप्तरे. त्यांत अन्य पंथीयांच्या नोंदी अपुऱ्या, आणि दफनाच्या तर फारच तुटक आहेत. केवळ परस्परसंमतीने, धर्मगुरूविना झालेला विवाहही १९४० पर्यंत वैध होता. तेव्हा विवाहाची नोंद सापडली नाही एवढ्यावरून संततीस अनौरस ठरविणे अन्यायाचे होईल.

१८४१ च्या खानेसुमारीत पंधरा वर्षांवरील वये सामान्यतः पाचाच्या खालच्या पटीत लिहिली आहेत आणि नातेसंबंध दिलेले नाहीत. जन्माचे पॅरिश व कुटुंबप्रमुखाशी नाते १८५१ पासून कळते.

मृत्युपत्रांचे वाचन अधिक सावधपणे करावे. १८६८ पर्यंत जमीनजुमला मृत्युपत्राने देता येत नसे. तो सामान्यतः ज्येष्ठ पुत्राकडे जाई. म्हणून मृत्युपत्रात ज्येष्ठाचा उल्लेख नसणे हा पित्याच्या रोषाचा पुरावा नव्हे. वारसाहक्काची व जमिनीची स्वतंत्र दप्तरे पाहावयास हवीत.

विवाहितेचे माहेरचे नाव मात्र या नोंदींत बहुधा टिकून राहते. त्यामुळे मातृकुलाचा माग लागतो. ग्रँट यांच्या नावातील ‘डफ’ हेही मातृकुलाच्या वारशातूनच आले आहे.