पाहुणा घरमालक कसा होतो?



नवी मुंबईच्या दक्षिणेस, उरण तालुक्यात, न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर आहे. १९८९ साली सुरू झालेल्या या बंदरात गोणी आणि खोकी सहसा दिसत नाहीत. दिसतात ते कंटेनर, म्हणजे वीस किंवा चाळीस फूट लांबीचे पोलादी पेटारे. एकावर एक रचलेल्या हजारो पेटाऱ्यांतून आपला पेटारा ट्रकचालकाने शोधायचा कसा? प्रत्येक पेटाऱ्यावर चार अक्षरे आणि सात अंक असा क्रमांक रंगवलेला असतो. त्या क्रमांकाचा पेटारा कोणत्या रांगेत, कितव्या थरात आहे आणि कोणत्या जहाजावर चढायचा आहे, ही सारी नोंद संगणकात असते. संगणक बंद पडला, तर क्रेन शाबूत असते, तिचा चालकही हजर असतो. पण उचलायचा कोणता पेटारा, हे सांगणारे कोणी उरत नाही.

२७ जून २०१७ रोजी जगभर पसरलेल्या एका हल्ल्याने येथे हेच घडवले. या बंदरातील ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ या स्थानकाचे संगणक बंद पडले. वर्षाला वीस फुटी मापाचे १८ लाख पेटारे हाताळण्याची या स्थानकाची क्षमता, म्हणजे दिवसाला सुमारे पाच हजार! ते काम कागद-पेन्सिल घेऊन हाताने करण्याची पाळी आली. ट्रक खोळंबू लागले. जी आज्ञावली याला कारण झाली, तिला पुढे ‘नॉटपेट्या’ हे नाव पडले. ती न्हावा-शेव्यासाठी लिहिलेली नव्हतीच. तिचा रोख होता हजारो किलोमीटर दूरच्या युक्रेन देशावर.

परक्या ठिकाणाहून पाहुणी म्हणून आलेली आज्ञावली घराची मालकीण कशी होऊन बसते? हे समजण्यासाठी संगणकात अधिकारांची वाटणी कशी असते, ते आधी पाहू या.

तुम्ही बँकेत गेला असाल. काउंटरच्या अलीकडे खातेदार, पलीकडे रोखपाल. पैसे हवे असतील तर आपण पावती भरून देतो. तिजोरीत हात घालत नाही. संगणकातही असे दोन प्रदेश असतात, आणि त्यांच्यामधली भिंत खुद्द प्रक्रियकातच, म्हणजे सिलिकॉनच्या त्या चिपमध्येच, बांधलेली असते. इंटेल कंपनीच्या १९८५ सालच्या ८०३८६ या प्रक्रियकात अधिकारांच्या चार पायऱ्या होत्या. व्यवहारात बहुतेक कार्यप्रणाली त्यांपैकी दोनच वापरतात. खालच्या पायरीवर चालणाऱ्या आज्ञावलीने दुसऱ्या आज्ञावलीची स्मृती वाचण्याचा किंवा डिस्कवर थेट लिहिण्याचा प्रयत्न केला, तर प्रक्रियक तो सरळ नाकारतो. अशा कामासाठी तिला कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे अर्ज करावा लागतो. गाभा वरच्या पायरीवर चालतो. अर्ज कोणाचा, त्याला परवानगी आहे का, हे तपासून तो काम करून देतो.

या तपासणीतून निसटून, परवानगी नसताना वरच्या पायरीवर पोचणे, याला आपण ‘अधिकारवृद्धी’ म्हणू. अगदी क्वचित भिंत फुटते. बहुतेक वेळा काउंटरमागचा कारकून फसतो. हा कारकून म्हणजे गाभा, आणि गाभा ही माणसांनीच लिहिलेली आज्ञावली आहे. लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या तर दोन कोटींहून अधिक ओळी आहेत. एवढ्या मजकुरात चूक राहणार नाही, असे कोण म्हणेल?

एक गाजलेली चूक पाहा. समजा, तुम्ही तलाठ्याकडे जाऊन म्हणालात, “मला सातबाऱ्यावर पेन्सिलीने काही खुणा करायच्या आहेत.” तलाठी म्हणतो, “मूळ कागदावर नाही. ही घ्या नक्कल, हिच्यावर खुशाल लिहा.” आणि तो स्वतःच्या टिपणात लिहितो: ‘लिहायला परवानगी दिली.’ तुम्ही पेन्सिल टेकवणार एवढ्यात तुमचा साथीदार नक्कल उचलून टोपलीत टाकतो. तलाठी टिपण पाहतो. परवानगी तर दिलेली आहे. समोर कागद एकच, तो म्हणजे मूळ सातबारा. आणि तुमचा हात त्यावर चालतो!

लिनक्सच्या गाभ्यात हुबेहूब असे होत असे. फक्त वाचण्याची मुभा असलेल्या फाइलची खाजगी नक्कल तो देई. एक धागा त्या नकलेवर लिहू पाही, दुसरा धागा ‘ती नक्कल मला नको’ असे सेकंदाला हजारो वेळा सांगे. कधी तरी दोन्ही कामे नेमक्या चुकीच्या क्रमाने होत आणि मूळ फाइलच बदले. ती फाइल अधिकार ठरवणारी असली, की झाला पाहुणा घरमालक. २००७ पासून गाभ्यात बसलेली ही चूक ऑक्टोबर २०१६ मध्ये उघडकीस आली. ‘डर्टी काऊ’ हे तिचे नाव. त्या गाभ्याची मूळ लिपी जगात कोणालाही वाचायला खुली आहे, तरी नऊ वर्षे गेली, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

आता न्हावा-शेव्याकडे वळू. तेथे बंद पडलेले संगणक विंडोजचे होते. नॉटपेट्या एका संगणकावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी ज्या वाटा वापरी, त्यांपैकी एक होती विंडोजमधील फाइली वाटून घेण्याच्या एका जुन्या पद्धतीतली चूक. ही चूक इतकी साधी आहे, की तुम्हाला ती वहीत करून पाहता येईल. एका रकान्यात १००० ही संख्या लिहा. ही यादीची लांबी समजा. तपासणीत यादीचा शेवटचा भाग चुकीचा निघाला, म्हणून लांबी ९९३ करायची आहे. पण कारकुनाने शेवटचे तीनच अंक खोडून तेथे ९९३ लिहिले, डावीकडचा १ तसाच राहिला. झाले १९९३! लांबी कमी व्हायची ती जवळजवळ दुप्पट झाली. विंडोजमध्ये हा प्रकार द्विमान संख्यांत होई: ३२ बिटांच्या संख्येचे खालचे १६ बिटच बदलले जात, वरचे तसेच राहत. मग लहान यादीसाठी राखलेल्या जागेत मोठा मजकूर ओतला जाई आणि तो शेजारच्या स्मृतीवर सांडे. हे सारे गाभ्यातच चालत असल्यामुळे, बाहेरून मजकूर धाडणाऱ्याला एकदम सर्वांत वरची पायरी मिळे. ना खाते, ना परवलीचा शब्द!

मायक्रोसॉफ्टने या चुकीची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी प्रसिद्ध केली. ठीक एका महिन्याने, १४ एप्रिलला, या चुकीचा फायदा घेणारे ‘इटर्नल ब्लू’ हे हत्यार एका अज्ञात टोळीने जगासमोर टाकले. ते अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडून चोरीला गेलेले होते, असे मानले जाते. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने ते वापरले आणि २७ जूनला नॉटपेट्याने. मार्च ते जून म्हणजे साडेतीन महिने झाले. कार्यप्रणाली जुनी राहणे का घातक, ते या तारखांवरून दिसते. दुरुस्ती येईपर्यंत चूक थोड्यांनाच ठाऊक असते. दुरुस्ती आली की जुनी आणि नवी आज्ञावली शेजारी ठेवून, कोठे काय बदलले हे कोणीही जाणकार पाहू शकतो. घराच्या कोणत्या खिडकीला नवी कडी बसवली हे गावभर कळावे, आणि आपण मात्र आपल्या घराची तीच खिडकी तशीच ठेवावी, अशातला हा प्रकार!

पण मग दुरुस्ती केलेले संगणक तरी का पडले? येथे नॉटपेट्याची दुसरी वाट येते, आणि माझ्या मते पहिलीपेक्षा तीच अधिक शिकण्यासारखी आहे. आपण परवलीचा शब्द देऊन संगणक उघडतो, तेव्हा पुन्हापुन्हा तो विचारावा लागू नये म्हणून विंडोज त्याची खूण स्मृतीत जपून ठेवते. सामान्य पाहुण्याला तो कप्पा उघडता येत नाही. वरच्या पायरीवर पोचलेल्याला येतो. त्यासाठीचे ‘मिमिकॅट्झ’ नावाचे साधन एका फ्रेंच तंत्रज्ञाने २०११ साली, ही उणीव दाखवून देण्यासाठीच, प्रसिद्ध केले होते. समजा, कार्यालयातला एक जुनाट संगणक दुरुस्त करायला सर्व संगणकांचा व्यवस्थापक आला आणि त्याने आपला परवलीचा शब्द त्यावर वापरला. त्याची किल्ली त्या जुनाट संगणकात राहिली. ती घेऊन नॉटपेट्या शेजारच्या नव्याकोऱ्या संगणकाकडे जाते. तो संगणक काही फसत नाही. किल्ली खरी आहे, म्हणून तो दार उघडतो.

युक्रेनमध्ये करभरणीसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘मेडॉक’ या आज्ञावलीच्या अद्ययावतीकरणातून नॉटपेट्या शिरली. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाजकंपनीच्या ओडेसा येथील कार्यालयात ती एका संगणकावर होती, आणि गेटवे टर्मिनल्स चालवणारी एपीएम टर्मिनल्स ही मर्स्कच्याच समूहातली. त्या समूहाच्या ७६ स्थानकांपैकी १७ ठिकाणी काम अडले. हल्ल्याच्या दिवसापर्यंत मर्स्कचे काही संगणक विंडोज २००० वर चालत होते, ज्याच्या दुरुस्त्या मायक्रोसॉफ्टने २०१० सालीच थांबवल्या होत्या. पडद्यावर ३०० डॉलर खंडणीची मागणी झळके. पण ते ढोंग होते. पैसे भरले तरी माहिती परत मिळण्याची सोयच आज्ञावलीत नव्हती. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांनी या हल्ल्याचा ठपका रशियाच्या लष्करावर ठेवला.

मर्स्कला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर. कोणाला कोणते अधिकार, याची नोंद ठेवणारे जे मुख्य संगणक, त्यांपैकी एकच वाचला. तो होता आफ्रिकेतल्या घाना देशात, आणि वाचण्याचे कारण? हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली होती!

तुमच्या शाळेच्या संगणकखोलीतही विंडोज ७ असलेले संगणक असतील. त्याच्या सर्वसाधारण दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० रोजी थांबल्या आणि विंडोज १० च्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. असे संगणक भंगारात काढायची गरज नाही. जाळ्यापासून तोडून ठेवले, तर टंकलेखनाच्या सरावाला ते चांगले चालतात. काहींवर लिनक्सची नवी आवृत्तीही बसते. मात्र शाळेच्या निकालांचा आणि फीचा हिशेब असलेल्या संगणकाला त्यांची तार जोडलेली असू नये, आणि त्या संगणकाचा परवलीचा शब्द त्यांच्यावर कधीही वापरू नये.

एक निरीक्षण मात्र याच आठवड्यात शिक्षकांना सोबत घेऊन करा. सेटिंग्जमध्ये जाऊन, विद्यार्थी रोज वापरतात त्या खात्याच्या नावाखाली काय लिहिले आहे ते वाचा. तेथे ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ असा शब्द असेल, तर या लेखात सांगितलेल्या कोणत्याही चुकीची पाहुण्याला गरजच पडणार नाही. विद्यार्थ्यांसाठी साधे ‘स्टँडर्ड’ खाते नवे उघडून घ्या, आणि ॲडमिनिस्ट्रेटरचा परवलीचा शब्द बदलून तो शिक्षकांकडेच राहू द्या.