बोलपटाचा आवाज

मुलांनो, चित्रपटात आपण नटनटींना पाहतो, त्यांचे संवाद आणि गाणी ऐकतो. पण तो आवाज टिपणारा माणूस पडद्यावर दिसत नाही. त्याला ध्वनिमुद्रक म्हणतात. मराठीतील पहिल्या बोलपटाचे ध्वनिमुद्रक होते विष्णुपंत दामले.

दामले यांचा जन्म १८९२ साली पेण येथे झाला. कोल्हापुरात ते पेंटर बंधूंकडे नाटकांचे पडदे रंगवायला शिकले. तेथेच कागलच्या शेख फत्तेलाल यांच्याशी त्यांची मैत्री जडली. फत्तेलालांना सारे प्रेमाने 'साहेबमामा' म्हणत. १९२९ साली या दोघांनी व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरात 'प्रभात फिल्म कंपनी' सुरू केली. तिचे सुरुवातीचे चित्रपट मूक होते.

१९३१ साली मुंबईत 'आलमआरा' हा पहिला भारतीय बोलपट झळकला. मग मूकपट काढणाऱ्यांपुढे प्रश्न उभा राहिला. नवे तंत्र शिकायचे की काम बंद करायचे? प्रभातने शिकायचे ठरवले. आवाजाची जबाबदारी दामल्यांनी घेतली.

काम अवघड होते. मायक्रोफोन आवाजाचे विजेच्या लहरींत रूपांतर करतो. त्या लहरींप्रमाणे प्रकाश कमीजास्त होतो आणि फिल्मच्या कडेला आवाजाची अरुंद पट्टी उमटते. संवादाबरोबर कॅमेऱ्याची घरघरही मुद्रित होण्याची भीती असे. नटाने तोंड फिरवले, तर शब्द अस्पष्ट येत. तेव्हा पार्श्वगायन नव्हते. नट चित्रीकरण चालू असतानाच गात आणि वादक कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे बसत. कोणी चुकले, की सारे पुन्हा करावे लागे!

६ फेब्रुवारी १९३२ रोजी 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट प्रदर्शित झाला. त्याची हिंदी आवृत्तीही निघाली. कुंचला धरणाऱ्या हातांनी यंत्रही वश केले होते.

१९३३ साली प्रभात पुण्यास गेली. दामले-फत्तेलाल जोडीने दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' (१९३६) व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. आज प्रभातच्या त्याच जागेत, पुण्याच्या फिल्म संस्थेत, विद्यार्थी ध्वनिमुद्रण शिकतात. यंत्रे बदलली, पण सावध कान आणि शिकण्याची जिद्द आजही लागतेच.

शब्दार्थ : मूकपट – आवाज नसलेला चित्रपट, वश करणे – ताब्यात आणणे, जिद्द – चिकाटी, निश्चय.

स्वाध्याय
१. ध्वनिमुद्रक कोणाला म्हणतात?
२. मूकपट काढणाऱ्यांपुढे कोणता प्रश्न उभा राहिला?
३. दामल्यांचे काम अवघड का होते?