रुईचे बळ आणि ओल

राजापेठेतील आमच्या घरी पुष्कळ वर्षे चरखा चालत असल्यामुळे, एका उन्हाळ्यात एका जीनमधून आणलेल्या, दिसण्यात शुभ्र व निर्मळ अशा रुईच्या पेळूंचा धागा पदोपदी तुटू लागला तेव्हा दोष चातीचा नसून मालाचा आहे, हे मला लगेच उमगले. आणि चौकशीअंती असे कळले की, तो कापूस वैशाखाच्या उन्हात फार काळ पसरून, पार कोरडा ठणठणीत झाल्यावर जीनवर चढवला होता.

कापसाचा तंतू म्हणजे बहुतांशी सेल्युलोज, ग्लुकोजच्या कणांनी गुंफलेल्या दीर्घ साखळ्या. त्या जेथे शिस्तीने बिलगतात तेथे तंतू स्फटिकवत घट्ट असतो, आणि जेथे विस्कळीत असतात तेथे ओल शिरून ताण सर्वत्र सारखा वाटला जातो. म्हणूनच भिजलेले सूत कोरड्यापेक्षा बळकट असते. उलट, हेच सेल्युलोज रसायनांत विरघळवून पुन्हा घडविलेला व्हिस्कोस रेयॉन भिजताच जवळजवळ निम्मे बळ गमावतो. द्रव्य एकच, घडण निराळी!

ओल उडाली की तंतू दुर्बळ होतो, परंतु सरकीवरील त्याची पकड तितकी सैल होत नाही, सबब जीनच्या रोलर व सुरीच्या ओढीत तो मुळापासून सुटण्याऐवजी मध्येच तुटतो. पुढे दमट हवेत बळ परत येईल. गेलेली लांबी येत नाही.

याहून घातक प्रकार वजनासाठी पाणी शिंपडण्याचा. ओला कापूस ढिगात तापतो, बुरशी साखळ्याच कुरतडते, रुई पिवळी पडते. त्यावर इलाज नाही, आणि शेतकऱ्याच्या वर्षभराच्या श्रमांची ही नासाडी मला पाहवत नाही.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, वेचणी दहिवर उडाल्यावर करावी, कवडी (किडक्या बोंडांतला कापूस) व फरदडीचा (हंगामानंतर राखलेल्या पिकाचा) माल वेगळा ठेवावा, आणि ढिगाच्या पोटात हात घालून ऊब तपासावी. सरकारी खरेदीत ८ टक्के ओल प्रमाण धरतात व १२ टक्क्यांपुढचा माल नाकारतात. पण जिनिंगच्या वेळी रुईत ६ ते ८ टक्के ओल राहील अशी तजवीज आहे काय, हे भावाआधी विचारावे, आणि पुंजका चिमटीत ओढून आखूड तंतू किती गळतात ते समक्ष पाहूनच व्यवहार कबूल करावा.